पात्र, नट आणि मालक : बॅटमॅन चित्रपटमालेतील नटबदलाचा इतिहास

पात्र म्हणजे काय, या प्रश्नाची चर्चा आपल्या समीक्षेत बहुधा कादंबरी आणि नाटक या दोन रूपबंधांच्या आधारे होत आली आहे. कादंबरीतील पात्राला संहितेतील शब्दांपलीकडे अस्तित्व नसते आणि नाटकातील पात्र संहिता व प्रयोग यांच्यामध्ये कोठेतरी घडते, असे आपण साधारणपणे गृहीत धरतो. दोन्ही ठिकाणी पात्रामागे एक संहिता व संहितेमागे एक लेखक उभा असतो. निदान शोधू गेल्यास सापडतो. अमेरिकन चित्रकथांमधील अतिमानवी नायकांच्या बाबतीत ही दोन्ही गृहीते लंगडी पडतात. बॅटमॅनची मूळ संहिता दाखवा, असे म्हटले तर १९३९ सालचा ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चा २७वा अंक दाखवता येईल. परंतु त्या अंकातील बॅटमॅन आणि आज लोक ज्याला बॅटमॅन म्हणून ओळखतात तो, यांच्यात टोपीचे कान आणि अंगावरचा झगा यांखेरीज फारसे साम्य नाही. त्या अंकावर नाव होते ते बॉब केन यांचे. ज्यांनी ती कथा लिहिली आणि पात्राचे रूप घडवण्यात मोठा वाटा उचलला त्या बिल फिंगर यांना श्रेयनामावलीत अधिकृत स्थान मिळायला २०१५ साल उजाडावे लागले. मधल्या काळात शेकडो लेखक व चित्रकार आले आणि गेले. टिकून राहिली ती एक मालक कंपनी आणि तिच्या ताब्यातील एक बोधचिन्ह. मिशेल फुको यांनी ज्याला लेखक-कार्य म्हटले त्या जागेवर येथे व्यक्ती नाही, व्यापारचिन्ह आहे.

अशा पात्राला जेव्हा चित्रपटात एका माणसाचे शरीर द्यावे लागते आणि काही वर्षांनी ते शरीर बदलावे लागते, तेव्हा पात्र नेमके कोणाचे, हा प्रश्न उघडा पडतो. नवा नट कोण असावा, चित्रपटमालेने यापुढे कोणती दिशा घ्यावी, यासंबंधी चाहते जे अंदाज बांधतात, मागण्या करतात, क्वचित आंदोलनेही करतात, त्यांकडे विद्यापीठीय अभ्यासकांनी बराच काळ पोरकट उत्साह म्हणून पाहिले. प्रस्तुत लेखकाच्या मते या तर्कवितर्कांना एक इतिहास आहे, आणि तो वाचकाने पात्रावर सांगितलेल्या हक्काचा इतिहास आहे.

प्रारंभी उम्बेर्तो एको यांच्या सुपरमॅनवरील निबंधाकडे वळणे सोयीचे होईल. १९६२ मध्ये इटालियनमध्ये लिहिलेला हा निबंध १९७२ मध्ये इंग्रजीत आला आणि लोकप्रिय संस्कृतीच्या चिन्हमीमांसेत त्याला पायाभूत स्थान मिळाले. एको यांचे म्हणणे थोडक्यात असे : पुराणकथेतील नायक पूर्वनिश्चित असतो, त्याचे काय होणार हे श्रोत्याला ठाऊक असते. कादंबरीतील नायकाच्या बाबतीत मात्र पुढे काय, ही उत्कंठाच वाचनाला गती देते. सुपरमॅनला एकाच वेळी दोन्ही व्हायचे असते. त्याने कृती केली की तो मृत्यूकडे एक पाऊल टाकतो, कारण कृती काळ खर्च करते. परंतु व्यापारी मालिकेत त्याला खर्ची पडू देता येत नाही. यावर चित्रकथाकारांनी काढलेली तोड म्हणजे स्वप्नासारखा धूसर काळ. प्रत्येक कथा कालच्या कथेनंतर घडते, पण किती नंतर, हे कोणी सांगत नाही.

एको यांचे विवेचन कागदावरील नायकापुरते आहे. कागदावर हा धूसर काळ साधतो, कारण शाईने काढलेला चेहरा म्हातारा होत नाही. नटाचा होतो. चित्रपटमाला सुरू झाली की दडवून ठेवलेला काळ नटाच्या डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्यांतून, वाढलेल्या मानधनातून, कधी त्याच्या मृत्यूतून कथेत परत शिरतो. नटबदल हा त्या काळाला पुन्हा बाहेर काढण्याचा उपाय आहे, आणि तो कधीच पूर्णपणे यशस्वी होत नाही. गेल्या ऐंशी वर्षांत हा उपाय कसकसा योजला गेला, हे पाहण्यासाठी बॅटमॅन हे सर्वांत सोयीचे उदाहरण आहे, कारण इतका वारंवार चेहरा बदललेला दुसरा अतिमानवी नायक पडद्यावर क्वचितच सापडेल.

आरंभीच्या काळात नट नाकारण्याकडेच कल होता. कोलंबिया या चित्रसंस्थेने १९४८ मध्ये सुपरमॅनची पडद्यावरची भागमालिका काढली तेव्हा या भूमिकेला योग्य नट सापडला नाही, सबब खुद्द सुपरमॅनलाच पाचारण केले आहे, असा जाहिरातीचा सूर होता. ज्याने ती भूमिका केली त्या कर्क ॲलिन यांचे नाव क्लार्क केंट या पात्रापुरते होते. हा जाहिरातबाजीचा विनोद खरा. पण त्यात मालकाची इच्छा अगदी नितळपणे प्रकट झाली आहे. बॅटमॅनच्या १९४३ आणि १९४९ या दोन भागमालिकांत अनुक्रमे लुइस विल्सन व रॉबर्ट लोअरी असे दोन निरनिराळे नट होते. या बदलाबद्दल कोणी खुलासा केला नाही. प्रेक्षक दर आठवड्याला एक भाग पाहत, बुरखा तोच होता, तेवढे पुरेसे होते.

१९६६ ते १९६८ या काळातील दूरचित्रवाणी मालिकेत ॲडम वेस्ट हे बॅटमॅन झाले. एकशेवीस भागांच्या या मालिकेत खलपात्रांची अदलाबदल मोकळेपणाने चाले. मिस्टर फ्रीझ हे पात्र तीन वेगवेगळ्या नटांनी केले, त्यांत ऑटो प्रेमिंजर यांच्यासारखा नामवंत दिग्दर्शकही होता. कॅटवुमनची भूमिका प्रथम ज्युली न्यूमार यांनी केली, १९६६ च्या चित्रपटात ली मेरिवेदर यांनी आणि १९६७ मध्ये सुरू झालेल्या तिसऱ्या पर्वात अर्था किट यांनी. यांतील शेवटच्या बदलाचा विचार थोडा थांबून केला पाहिजे. किट या कृष्णवर्णीय होत्या. मालिकेच्या कोणत्याही पात्राने त्या बदलाचा उल्लेख केला नाही. बॅटमॅनच्या लेखी ती कालचीच कॅटवुमन होती. मात्र बॅटमॅन आणि कॅटवुमन यांच्यातील जी शृंगारसूचक कुरघोडी पहिल्या दोन पर्वांचे आकर्षण होती ती तिसऱ्या पर्वात ओसरली. म्हणजे पात्राचे नाव, वेश व खोड्या कायम राहिल्या आणि संहिता मात्र गुपचूप बदलली. मुखवटा सर्वांना सारखा, हे म्हणणे किती खरे, याचा पहिला दाखला येथे मिळतो.

मराठी रंगभूमीवर नट बदलण्याला आपण ‘रिप्लेसमेंट’ हा इंग्रजी शब्द सर्रास वापरतो, आणि त्यात एक प्रकारचा दुय्यमपणा गृहीत असतो. तरीही १९७० मध्ये श्रीराम लागू यांनी उभे केलेले ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकर पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी यांनी केले तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची तुलना केली, वाद घातले, पण पात्र हिरावले गेले असे कोणाला वाटले नाही. शिरवाडकरांची संहिता मध्ये उभी होती. प्रत्येक नटाचे काम त्या संहितेशी ताडून पाहता येत होते. बॅटमॅनच्या प्रेक्षकाकडे ताडून पाहण्यासाठी अशी संहिता नसते. त्याच्याकडे असतो आधीचा नट आणि वाचलेल्या चित्रकथांतून त्याने स्वतः मनात रचलेला बॅटमॅन. मार्विन कार्लसन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रंगभूमीवरील प्रत्येक भूमिकेला पूर्वीच्या भूमिकांची भुते झपाटून असतात, असा सिद्धांत मांडला आहे. संहिता नसलेल्या ठिकाणी ही भुतेच संहितेचे काम करतात.

या दृष्टीने १९८८ हे वर्ष निर्णायक ठरते. त्या वर्षी वाचकांनी बॅटमॅनवर दोनदा हक्क सांगितला. पहिला प्रसंग चित्रकथेतला. दुसरा रॉबिन, म्हणजे जेसन टॉड, वाचकांच्या पसंतीस उतरला नव्हता. संपादक डेनिस ओनील यांच्या कारकिर्दीत त्याला स्फोटात सापडलेला दाखवून, तो जगावा की मरावा, हे ठरवण्यासाठी दोन दूरध्वनी क्रमांक छापण्यात आले. प्रत्येक फोनला पन्नास सेंट पडत. मोजणी झाली तेव्हा मृत्यूच्या बाजूने ५,३४३ आणि जीवनाच्या बाजूने ५,२७१ मते पडली होती. बहात्तर मतांनी एक पात्र मारले गेले. वाचकांच्या प्रतिसादावर आधारलेले जे सिद्धांत सत्तर-ऐंशीच्या दशकांत मांडले गेले त्यांत वाचक संहिता पूर्ण करतो, असे म्हटलेले असते. येथे तो ती शब्दशः पूर्ण करत होता, आणि त्यासाठी कंपनीला पैसेही मोजत होता. हक्क विकत मिळतो, तो किती काळ आणि कशापुरता, हे विकणारा ठरवतो. पुढे जेसन टॉड परत आणला गेला, त्या वेळी कोणाचे मत मागितले गेले नाही.

दुसरा प्रसंग मायकेल कीटन यांच्या निवडीचा. टिम बर्टन दिग्दर्शित करणार असलेल्या चित्रपटात बॅटमॅनची भूमिका कीटन करणार, हे जाहीर होताच चित्रकथांच्या वाचकांत खळबळ उडाली. वॉर्नर ब्रदर्सकडे पन्नास हजारांवर निषेधपत्रे आल्याचे तेव्हापासून सांगितले जाते. हा आकडा कोणी मोजून पाहिला असेल असे वाटत नाही, पण निषेध इतका मोठा होता की नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने त्याची पहिल्या पानावर दखल घेतली. अर्थविषयक वृत्तपत्राने दखल घ्यावी, हेही बोलके आहे. पात्रासंबंधीचा वाचकांचा असंतोष हा आता भागधारकांच्या आस्थेचा विषय झाला होता.

निषेधाचे स्वरूप नीट तपासले तर एक गोष्ट ध्यानात येते. आक्षेप कीटन यांच्या अभिनयक्षमतेला नव्हता. ‘मिस्टर मॉम’ आणि ‘बीटलज्यूस’ या चित्रपटांतून ते विनोदी नट म्हणून परिचित होते आणि विनोदी नट म्हणजे १९६६ चा ॲडम वेस्ट परत येणार, अशी भीती होती. दोनच वर्षांपूर्वी, १९८६ मध्ये, फ्रँक मिलर यांच्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ने या नायकाला उग्र, वार्धक्याकडे झुकलेले, काळोखे रूप दिले होते. प्रौढ वाचकांना आपल्या वाचनाला प्रतिष्ठा मिळाल्याचे समाधान पहिल्यांदाच लाभले होते. नटाच्या निवडीत त्यांना ती प्रतिष्ठा जाताना दिसली. म्हणजे वाद दिसायला नटाबद्दल होता, पण मूळचा प्रश्न रूपबंधाचा होता : ही शोकांतिका आहे की प्रहसन? आपल्याकडील समीक्षकांनीही ज्या प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या शाई खर्ची घातली तोच प्रश्न हे वाचक हनुवटीच्या ठेवणीवरून भांडत विचारत होते.

बर्टन यांनी दिलेले उत्तर मला आजही त्या सबंध वादातील सर्वांत समीक्षात्मक विधान वाटते. ज्याची हनुवटी आणि छाती मुळातच वीरपुरुषाची आहे त्याला वटवाघूळ बनण्याची गरज काय, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या माणसाकडे पाहून कोणी घाबरणार नाही त्यालाच वेशाची गरज भासते. या विधानाने नट आणि पात्र यांचा संबंध उलटा केला. नटाने पात्रासारखे दिसावे, ही अपेक्षा मागे पडली आणि नट पात्रासारखा दिसत नाही हाच पात्राचा आशय झाला. चित्रपट १९८९ मध्ये आला, अमेरिकेत त्याने सुमारे पंचवीस कोटी डॉलर मिळवले आणि पत्रे लिहिणारे लोक तिकिटांच्या रांगेत उभे राहिले. पुढे दोन दशकांनी याच वाचकांनी कीटन यांना खरा बॅटमॅन ठरवले.

त्यानंतरची आठ वर्षे मालकाची होती. ‘बॅटमॅन रिटर्न्स’ने १९९२ मध्ये मिळवलेली सोळा कोटींची रक्कम कोणत्याही निर्मात्याला पुरेशी वाटावी अशी होती, परंतु तो चित्रपट फार विकृत आहे, अशी पालकांची ओरड झाली, आणि मुलांच्या जेवणाच्या डब्यांबरोबर त्यातील खेळणी देणारी उपाहारगृहांची साखळी अडचणीत आली. चित्रपटमालेची दिशा त्या डब्यांनी बदलली, असे म्हणणे थोडे अतिशयोक्त होईल, पण थोडेच. बर्टन यांच्या जागी जोएल शुमाकर आले, कीटन बाहेर पडले, १९९५ मध्ये व्हॅल किल्मर आणि १९९७ मध्ये जॉर्ज क्लूनी बॅटमॅन झाले. या चारही चित्रपटांत दोन चेहरे मात्र कायम राहिले : सेवक आल्फ्रेडच्या भूमिकेत मायकेल गॉफ आणि पोलीस आयुक्त गॉर्डनच्या भूमिकेत पॅट हिंगल. तीन निरनिराळे धनी आले, आल्फ्रेड तोच. कथेचे सातत्य नायकाने सांभाळायचे, ही रूढ रीत. येथे ते नोकराने सांभाळले. नायकाचे शरीर इतके बदलण्याजोगे ठरले होते की जग तेच आहे, एवढी खात्री देण्यासाठी एका वृद्ध, विश्वासू चेहऱ्याची गरज लागली.

याच काळातील दोन बदलांकडे मात्र फारसे लक्ष गेले नाही. १९८९ च्या चित्रपटात सरकारी वकील हार्वी डेंटची छोटी भूमिका बिली डी विल्यम्स या कृष्णवर्णीय नटाने केली होती. चित्रकथेत हा डेंट पुढे टू-फेस नावाचा खलनायक होतो, आणि पुढील भागात ती मोठी भूमिका आपल्याला मिळेल या अपेक्षेनेच आपण हे काम घेतले, असे विल्यम्स यांनी नंतर सांगितले आहे. १९९५ मध्ये टू-फेस पडद्यावर आला तेव्हा तो टॉमी ली जोन्स होता. रॉबिनच्या भूमिकेसाठीही मार्लन वेयन्स या कृष्णवर्णीय नटाची निवड झालेली होती. प्रत्यक्षात भूमिका क्रिस ओडोनेल यांना मिळाली. दोन्ही ठिकाणी काही खुलासा करण्याची आवश्यकता भासली नाही. नायक बदलला की निषेधाच्या पत्रांचा पाऊस पडतो आणि हे बदल मात्र निमूटपणे होतात, यावरून आपल्या ‘पात्र’ या संकल्पनेत कोणाची शरीरे मोजली जातात, हे कळते. स्त्रीपात्रांबाबतही असेच घडते. रेचल डॉज ही व्यक्तिरेखा २००५ मध्ये केटी होम्स यांनी व २००८ मध्ये मॅगी जिलनहॉल यांनी केली. एकाच कथेच्या सलग दोन भागांत नायिकेचा चेहरा बदलला आणि त्यावर झालेली चर्चा जोकरच्या ओठांवरील रंगावर झालेल्या चर्चेच्या पासंगालाही पुरली नाही.

१९९७ च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ची अमेरिकेतील कमाई दहा कोटी सत्तर लाखांवर आली आणि चित्रपटमाला आठ वर्षे थांबली. २००५ मध्ये क्रिस्टोफर नोलन यांनी ती पुन्हा सुरू केली तेव्हा नटबदलाची रीतच पालटली. क्रिश्चन बेल हे क्लूनी यांच्या जागी आले नाहीत. क्लूनी यांचे जग अस्तित्वातच नव्हते, असे मानून कथा आरंभापासून सांगितली गेली. याला संगणकाच्या परिभाषेतून आलेला ‘रिबूट’ हा शब्द रूढ झाला. एको यांच्या भाषेत सांगायचे तर धूसर काळाऐवजी आता काळ पुसून टाकण्याची सोय झाली. समीक्षकांनी या त्रयीचे वास्तववादी म्हणून कौतुक केले ते अनाठायी नव्हते, पण या वास्तववादाचे आर्थिक अंग दुर्लक्षित राहिले. प्रत्येक आरंभ नवा असला की कोणताही नट अपरिहार्य राहत नाही.

तर्कवितर्कांची परंपरा मात्र खंडित झाली नाही. हीथ लेजर हे जोकर होणार, असे २००६ मध्ये जाहीर झाले तेव्हा प्रणयपटांतील हा देखणा तरुण जॅक निकल्सन यांची जागा घेणार, यावर टर उडवली गेली. चित्रपट येण्यापूर्वीच, जानेवारी २००८ मध्ये, लेजर यांचे निधन झाले आणि २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर ऑस्कर मिळाले. बेन ॲफ्लेक यांच्या निवडीविरुद्ध २०१३ मध्ये सह्यांची निवेदने निघाली. रॉबर्ट पॅटिन्सन यांच्या निवडीवर २०१९ मध्ये पुन्हा तेच घडले. हे सर्व आक्षेप एकत्र ठेवून वाचले तर त्यांची रचना ठरीव असल्याचे दिसते. आक्षेप घेणारे कीटन यांच्यात वेस्टचे भूत पाहत होते, लेजर यांच्याकडे पाहताना निकल्सनचे, ॲफ्लेक यांच्याकडे पाहताना त्यांनीच २००३ मध्ये केलेल्या ‘डेअरडेव्हिल’चे, पॅटिन्सन यांच्यात ‘ट्वायलाइट’मधील रक्तपिपासू प्रियकराचे. नवे काम कोणी पाहिलेलेच नसते, म्हणून निकाल नेहमी जुन्या कामावर लागतो. हे भाकीत म्हणून जवळजवळ दरवेळी चुकले आहे. तरीही वाचनाची कृती म्हणून ते टाकाऊ ठरत नाही, कारण प्रत्येक वेळी या लोकांनी नटाच्या निमित्ताने चित्रपटमालेच्या दिशेवरच बोट ठेवले होते. आपल्याला विचारले जाणार नाही, हे ठाऊक असलेल्या वाचकाची ही टीका आहे, आणि म्हणूनच ती इतकी कर्कश आहे.

नटबदल करायचा की नाही, हाच प्रश्न जेथे नैतिक झाला असा प्रसंग शेजारच्या, म्हणजे मार्व्हलच्या, चित्रपटमालेत घडला. ‘ब्लॅक पँथर’मधील टीचाला ही भूमिका करणारे चॅडविक बोसमन यांचे २८ ऑगस्ट २०२० रोजी निधन झाले. २०१८ च्या त्या चित्रपटाने कृष्णवर्णीय प्रेक्षकांना, विशेषतः मुलांना, आफ्रिकेतील एका काल्पनिक राष्ट्राचा राजा नायक म्हणून दिला होता. कंपनीने दुसरा नट न घेण्याचा निर्णय जाहीर केला. दिग्दर्शक रायन कूगलर आणि त्यांचे सहकारी शोकात होते, आणि त्या शोकाचा मान राखला गेला, याविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. तरीसुद्धा चाहत्यांपैकी काहींनी उलट मागणीचे निवेदन काढले : भूमिका दुसऱ्या नटाला द्या. त्यांचा युक्तिवाद असा होता की गोऱ्या नायकांना तीन-तीन, चार-चार नट मिळतात, त्यांची कथा कोणाच्याही मृत्यूने थांबत नाही. मग कृष्णवर्णीय राजाच तेवढा आपल्या नटाबरोबर का मरावा? नटाचा सन्मान करताना पात्र मारले जाते, आणि ते पात्र ज्यांचे होते त्यांच्याकडून काही काढून घेतले जाते.

या मागणीवर भावनाशून्यतेचा आरोप झाला. मला ती मागणी या सबंध इतिहासातील सर्वांत प्रगल्भ वाटते. ज्या उपायाने मालक आजवर नटांना बदलण्याजोगे करत आला तोच उपाय येथे प्रेक्षक पात्राच्या अमरत्वासाठी मागत होते. बेलवलकर लागूंनंतरही जगले, तसे टीचालाने जगावे, एवढेच ते म्हणत होते. २०२२ च्या ‘वकांडा फॉरेव्हर’मध्ये ब्लॅक पँथरचा वेश त्याची बहीण शुरी हिने घेतला. चित्रकथेत २००९ मध्येच तिने तो घेतलेला असल्याने हा मार्ग अगदी बेवारस नव्हता. वारशाने येणारा मुखवटा मराठी वाचकाला नवा नाही. इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्याकडे आलेला ली फॉक यांचा वेताळ हा एकविसावा होता. बापाकडून मुलाकडे वेश जातो, आणि जंगलातील लोक त्याला अमर समजतात. तेथे नटबदल कथेच्या पोटातच मुरलेला आहे. ‘वकांडा फॉरेव्हर’नेही अखेरीस तीच वाट धरली. श्रेयनामावलीच्या मध्ये येणाऱ्या प्रसंगात टीचालाचा लहान मुलगा दिसतो आणि त्याचेही नाव टीचालाच निघते. शरीर सोडून दिले गेले, नाव राखून ठेवले गेले.

याच्या अगदी उलट टोकाला २०२३ चा ‘द फ्लॅश’ आहे. त्यात एकाहत्तर वर्षांचे कीटन बॅटमॅन म्हणून परतले. ज्याला एकेकाळी वाचकांनी नाकारले तोच आता त्यांच्या स्मरणरंजनाचा विषय झाला होता. त्याच चित्रपटात क्रिस्टोफर रीव्ह हे सुपरमॅनच्या वेशात दिसतात. रीव्ह २००४ मध्ये वारले होते. पडद्यावर होती ती संगणकाने घडवलेली प्रतिमा. निकोलस केज हेही सुपरमॅन म्हणून क्षणभर दिसतात, आणि १९९८ मध्ये रद्द झालेला, कधीच न बनलेला चित्रपट जणू बनला होता, असे भासवले जाते. १९४८ मध्ये कोलंबियाने विनोदाने जे म्हटले होते, की नट नकोच, खुद्द सुपरमॅनलाच बोलावले आहे, ते पंच्याहत्तर वर्षांनी तांत्रिकदृष्ट्या शक्य झाले. प्रेक्षकांनी या प्रतिमांना जी नापसंती दाखवली तिची कारणे तांत्रिक सदोषपणात शोधली गेली. केवळ चित्रण बरे असते तर ती नापसंती उरली नसती, असे मला वाटत नाही.

त्याच सुमारास या कंपनीच्या चित्रपटांची सूत्रे जेम्स गन आणि पीटर साफ्रन यांच्याकडे आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपण सुपरमॅन म्हणून परत येत आहोत, असे हेन्री कॅव्हिल यांनी जाहीर केले. डिसेंबरमध्ये ते येणार नाहीत, हे स्पष्ट झाले. २०२५ मध्ये डेव्हिड कोरेन्स्वेट सुपरमॅन झाले. दोन महिन्यांत एक नट परतला आणि गेला. नटबदल आता चित्रपटात घडत नाही, निवेदनांत घडतो.

या गदारोळात बिली डी विल्यम्स यांच्या टू-फेसचे काय झाले, ते सांगायचे राहिले. २०१७ मध्ये ‘द लेगो बॅटमॅन मूव्ही’ या सचेतपटात टू-फेसला विल्यम्स यांचा आवाज देण्यात आला. खेळण्यातल्या विटांचा तो एक छोटा बाहुला होता. मग २०२१ मध्ये ‘बॅटमॅन ’८९’ ही चित्रकथामालिका निघाली. बर्टन यांच्या चित्रपटाचे जग शुमाकर आले नसते तर पुढे कसे गेले असते, याची ती कथा. लेखक होते सॅम हॅम, म्हणजे १९८९ च्या पटकथेचेच एक लेखक. चित्रे जो क्विनोनेस यांची. क्विनोनेस यांनी काही वर्षे आधी असाच प्रस्ताव कंपनीपुढे ठेवला होता आणि तेव्हा तो नाकारला गेला होता. या मालिकेत हार्वी डेंटचा चेहरा विल्यम्स यांचा आहे, तरुणपणीचा, आणि अर्धा जळालेला. बत्तीस वर्षांपूर्वी चित्रपटगृहातून बाहेर पडताना काही प्रेक्षकांनी पुढच्या भागाबद्दल जो अंदाज केला असेल तो कागदावर उतरला, तेव्हा विल्यम्स चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.